तिसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरची संमती

पडद्यावर जाळं उमटलं तसा सगळा हॉल "अहाहा" करून पुढे सरकला. निळे ठिपके, त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा, रेघांवर पुन्हा रेघा. एखाद्या मांजरीने लोकरीचा गुंडा तोंडात धरून सगळं घर फिरून यावं, तसं दिसत होतं. प्रत्येक ठिपका म्हणजे संशोधन संस्थेतलं एक माणूस. प्रत्येक रेघ म्हणजे दोघांमधली ईमेलची देवाणघेवाण. ज्याला रेघा जास्त, तो ठिपका मोठा.

ताराबाई आपला ठिपका शोधत होती. जाळ्यात तो नव्हताच. खाली उजव्या कोपऱ्यात काहीतरी बारीक काळं दिसत होतं, पण तिला वाटलं पडद्यावर माशी बसलीय.

"अरे, ती माशी हाकला कुणीतरी," मागून आवाज आलाच.

"माशी नाही ती," माइकवरून तिचा नवरा उत्साहाने म्हणाला. "तो सुटा ठिपका आहे. त्याला कुणीच जोडलेलं नाही. इतका स्वच्छ सुटा ठिपका प्रत्यक्षात सापडत नाही सहसा. गणिताच्या दृष्टीने फार सुंदर उदाहरण आहे."

मग त्याने ठिपक्याखालचं नाव वाचलं आणि पाणी प्यायला.

ताराबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. गेली कितीतरी वर्षं ती ताऱ्यांचं गणित करत होती. म्हातारा तारा स्वतःच्याच वजनाखाली आत कसा कोसळतो, याची समीकरणं मांडायची आणि मोठ्या संगणकाकडून ती सोडवून घ्यायची, हे तिचं काम. त्यामुळे संस्थेने तिचं बारसं परस्पर उरकून टाकलं होतं. नवरा जाळ्यांचं गणित करायचा: रस्त्यांचं जाळं, विजेच्या तारांचं जाळं, कोण कुणाशी बोलतं याचं जाळं. म्हणून तो जाळेकर. दोघांचे विभाग पूर्वी वेगळे होते. संचालकांनी एक दिवस दोन्ही दारांवरच्या पाट्या वाचल्या, दोन्हीकडे "गणित" हा शब्द पाहिला आणि मधली भिंत पाडली. भिंत पाडल्यावर लक्षात आलं की तिच्यात विजेच्या वायरी होत्या. तो एक वेगळाच इतिहास आहे.

आता संचालक उठले. त्यांना उभं राहायला वेळ लागायचा, पण बसायला त्याहून जास्त.

"मित्रहो, मोठा संगणक एक आणि आपण अनेक. आजवर ज्याचा आवाज मोठा, त्याला वेळ मिळायचा. हे काही शास्त्रीय नव्हे. यापुढे ज्याचा ठिपका मोठा, त्याला वेळ मोठा. जो माणूस संस्थेला जोडून घेतो, त्याला संस्था जोडून घेणार! सोमवारपासून लागू." टाळ्या झाल्या. "आणि मला अभिनंदन करायचंय ते मधल्या त्या सगळ्यात मोठ्या ठिपक्याचं. टी-थ्री! कोण आहेत हे टी-थ्री? जरा उभे राहा पाहू."

कुणीच उठलं नाही.

"लाजताहेत," संचालक कौतुकाने म्हणाले. "कामाची माणसं अशीच असतात. मला रोज यांचा मेल येतो."

मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला आणि तो रांगभर पसरला. टी-थ्री कोण ते संचालक सोडून सगळ्यांना माहीत होतं. टी-थ्री म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर. त्याचा कागद संपला, शाई आटली, झाकण उघडं राहिलं की तो आपण होऊन संस्थेतल्या झाडून सगळ्यांना मेल टाकायचा. आणि आलेल्या प्रत्येक मेलला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे, असं परिपत्रक खुद्द संचालकांनीच काढलेलं होतं. म्हणून प्रिंटरने "कागद संपला" म्हटलं की सगळी संस्था त्याला लिहायची: "धन्यवाद." "बघतो." "आपल्या भावना पोहोचल्या." एकट्या ताराबाईने प्रिंटरला कधी उत्तर दिलं नव्हतं. यंत्राशी काय बोलायचं, हा तिचा बाणा. तो बाणा आता कोपऱ्यात माशीसारखा बसला होता.

कार्यक्रम संपल्यावर जाळेकर संचालकांच्या मागे मागे गेला आणि पाचच मिनिटांत पडेल चेहऱ्याने परत आला.

"सांगितलंस का, की तो प्रिंटर आहे?" ताराबाईने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, वर कळवून झालंय."

*

मोठा संगणक तळमजल्यावर काचेच्या दारामागे होता. आत मरणाची थंडी. तिथे बारा महिने स्वेटर घालून सिस्टिमदादा बसायचे. कुणी काहीही विचारलं तरी ते "सिस्टिममध्ये तसंच आहे" एवढं एकच वाक्य फेकायचे, म्हणून हे नाव.

"दादा, माझं काम चालू आहे ना?"

"चालू आहे की मॅडम. सोमवारी सकाळी बंद होईल."

"अहो, बंद कसं होईल? अगदी तोंडाशी आलाय तारा!"

"तुमच्या नावावर वेळ शून्य आहे. मी नाही बंद करत, आपोआप होतं."

"मग ते आपोआप जरा थांबवा ना."

"आपोआप कसं थांबवणार, मॅडम? थांबवलं तर ते आपोआप कसलं?"

ताराबाईने कपाळ काचेला टेकवलं. काच गार होती, तेवढंच सुख.

तिचा तारा कित्येक आठवडे संगणकाच्या त्या कपाटात गुरगुरत होता. तारा म्हणजे काय, तर समीकरणांत मांडलेले थर, एकाखाली एक. प्रत्येक थर वरच्याचा भार सोसतो आणि खालच्यावर टाकतो. आतली आग वर ढकलत असते तोवर सगळं टिकतं. आग विझली की आतला गाभा एका दमात कोसळतो. खरी मजा पुढे आहे. कोसळता कोसळता गाभा इतका घट्ट होतो, की चेंडूसारखा उसळी घेऊन वरच्या थरांना उडवून लावतो; निदान सगळ्यांची मॉडेलं तरी तसं सांगत. ताराबाईचं म्हणणं होतं की एका ठरावीक वजनाचे तारे उसळी घेतच नाहीत. ते जातात ते जातातच. हे तिने कागदावर दाखवलं होतं, परिषदेत सांगितलं होतं आणि परिषदेत लोक हसले होते. आता संगणकाने एकदा "उसळी नाही" म्हटलं की झालं. किंवा "उसळी आहे" म्हटलं की तेही झालं. मग निदान ती शांतपणे दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागली असती.

आणि काम मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच पुढे नेण्याची सोय नव्हती. ताऱ्याचा तो प्रोग्रॅम तिच्या सरांनी लिहिलेला होता, संगणक खोलीएवढे असायचे त्या काळात. सर स्वतः बोलायला लागले की मध्ये थांबत नसत. त्यांचा प्रोग्रॅमही तसाच. मध्ये तोडलं की पहिल्यापासून.

*

"पडला का गं तुझा तारा?" घरात पाऊल टाकल्या टाकल्या सासूबाईंनी विचारलं. रोज संध्याकाळी हा प्रश्न ठरलेला. त्या वाळलेल्या चादरींच्या घड्या करत बसल्या होत्या.

"नाही आई. आणि आता पडणारही नाही. तुमच्या चिरंजीवांनी पाडू दिला तर ना."

"काय केलं रे सोन्या हिच्या ताऱ्याला?"

"मी काही केलेलं नाही," जाळेकर बूट काढता काढता म्हणाला. "मी फक्त मोजलं. ही कुणाला मेलच करत नाही. त्याला माझं जाळ्याचं मॉडेल काय करणार?"

"तुझ्याशी बोलते ते कुठे गेलं?" ताराबाई म्हणाली.

"ते घरातलं. ते मोजत नाहीत."

"सगळा जन्म बोलण्यात चाललाय माझा तुझ्याशी! एवढ्या रेघा काढल्या असत्यास तर पडदा काळा झाला असता."

"कबूल. पण माहितीचा स्रोत ठरवताना सीमा आखावी लागते."

"सीमा आखली म्हणे. स्वतःची बायको सीमेबाहेर आणि प्रिंटर आत!"

"प्रिंटरच्या बाबतीत मॉडेल बरोबरच आहे," जाळेकर आता तापला. मॉडेलला बोललेलं त्याला आईला बोलल्यापेक्षा जास्त लागायचं. "ज्याला जोडण्या जास्त, त्याच्याकडेच नव्या जोडण्या जातात. हा नियम आहे. लोक प्रिंटरला लिहितात, म्हणून आणखी लोक प्रिंटरला लिहितात."

"माझ्याकडेही हेच असतं. जिथे वजन जास्त, तिथेच आणखी वजन ओढलं जातं. शेवटी काय होतं माहितेय? सगळं आत पडतं आणि काळोख होतो."

"ते अजून सिद्ध व्हायचंय," जाळेकर म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं.

सासूबाईंनी परिस्थिती सावरायला घेतली. "बरं, ते पडतं म्हणजे नेमकं कसं गं? एकदा सांग मला नीट."

ताराबाईने समोरच्या चादरींच्या चळतीकडे बोट केलं. "समजा ही चळत आहे, आई. प्रत्येक चादर वरच्या सगळ्यांचा भार घेते."

"म्हणजे सगळ्यात खालचीचे हाल."

"हो."

"मला नको सांगूस. चाळीस वर्षं खालची चादर होते मी या घरात," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी एक घडी वर टाकली. "सोन्या, हिला काहीतरी उपाय सांग. नाहीतर आज तुझं अंथरूण तूच घाल."

उपाय सोपा होता. सोमवारच्या आत ताराबाईने लोकांना मेल करायचे आणि त्यांची उत्तरं यायला हवीत.

*

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या संस्थेला एकच मेल लिहिला. चार वेळा खोडून शेवटी उरलं ते असं: "बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नाही. आपण सगळे बरे आहात ना? मी बरी आहे."

ज्या बाईने आजवर कुणाला अक्षर लिहिलं नव्हतं, तिने एकदम "मी बरी आहे" लिहिल्यावर काय होणार? दुपारपर्यंत संस्थेत तीन बातम्या होत्या: ताराबाईंनी राजीनामा दिला, ताराबाईंना असाध्य काहीतरी झालंय, आणि जाळेकरांचं व त्यांचं फिसकटलं. असल्या गोष्टी मेलवर बोलायच्या नसतात एवढं भान लोकांना होतं. त्यामुळे उत्तर एकाचंही आलं नाही. सगळे स्वतः आले. खोलीबाहेर रांग लागली. ग्रंथालयातल्या बाई गळ्यात पडून रडल्या. हवामानवाल्यांनी पुष्पगुच्छ आणला. द्रवांचं गणित करणारे एक गृहस्थ, जे सात वर्षं जिन्यात तिला ओलांडून जात होते, ते तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं काम मला कधीच कळलं नाही, पण तुम्ही ते मनापासून करत होतात."

"मी अजून करतेय!" ताराबाई म्हणाली.

"ही जिद्दच," ते गहिवरून म्हणाले.

शेवटी आल्या भांडारकाकू. पेनपासून कपाटापर्यंत संस्थेची प्रत्येक वस्तू त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकलेली होती. त्या रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी खुर्ची नेली.

"अहो काकू, मी कुठेही जात नाहीये!"

"सगळे असंच म्हणतात आणि जाताना खुर्चीचं चाक मोडून जातात," काकू म्हणाल्या. खुर्ची बोळातून गडगडत गेली.

संध्याकाळी जाळेकरने आकडे पाहिले. "शून्य," तो म्हणाला. "एकाच मेलमध्ये सगळ्यांना लिहिलं की मॉडेल त्याला जाहिरात समजतं. उत्तरं आली तरच धरतं."

"उत्तरं आली ना! माझा खांदा ओला झालाय बघ."

"खांदा मोजत नाहीत गं."

*

शुक्रवारी दुपारी ताराबाई पुन्हा काचेच्या दारापाशी उभी राहिली. आता उभं राहायची सवयच झाली होती.

"दादा, दुसऱ्या कुणाच्या नावावर माझं काम चालवता येईल का? न थांबवता?"

"येतं की. त्यांची लेखी संमती पाहिजे. आणि त्यांच्याकडे वेळ शिल्लक पाहिजे." सिस्टिमदादांनी पडदा वरखाली केला. "बाकी कुणाकडे नाही बघा. सगळे काठोकाठ वापरताहेत. एक टी-थ्री आहेत. त्यांच्या नावावर ढिगाने वेळ आहे आणि त्यातला काडीचा वापरलेला नाही."

"दादा, टी-थ्री प्रिंटर आहे."

सिस्टिमदादांनी चष्मा काढला. "हे बघा मॅडम. तुमचं आपसात काही असेल. कुणी कुणाला प्रिंटर म्हणतं, कुणी कुणाला टपाल म्हणतं. मला त्यात ओढू नका. सिस्टिममध्ये त्यांचं नाव आहे. त्यांची संमती आणा."

  ताराबाई जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली.

टी-थ्री बोळाच्या टोकाला भिंतीला टेकून उभा होता. पिवळट अंग, पोटातला एक कप्पा चिकटपट्टीने बांधलेला. त्याच्यावर कागद ठेवून बटण दाबलं की तो कागदाचं चित्र काढून, सांगाल त्या पत्त्यावर स्वतःच्या नावाने मेल करायचा. ताराबाईने कोरा कागद घेतला आणि भिंतीवर धरून लिहिलं: "माझ्या वाट्याचा वेळ ताराबाईंना वापरू द्यावा. माझी हरकत नाही." खाली सही कुणाची करावी यावर ती थबकली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि लपेटदार अक्षरात "टी-थ्री" लिहिलं. कागद आत ठेवला. प्रिंटर कण्हला, त्याच्या पोटातून उजेड फिरला आणि हिरवा दिवा लागला. आठवड्याभरात संस्थेतून तिला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं.

ती खाली पोहोचली तेव्हा सिस्टिमदादा मेल वाचत होते.

"किती सभ्य माणूस आहे बघा," ते म्हणाले. "मागितलं आणि मिनिटात उत्तर. नाहीतर आपले लोक." त्यांनी दोन-चार बटणं दाबली. "झालं. आता तुमचा तारा टी-थ्रींच्या नावावर. फक्त एक सांगून ठेवतो. फाइली साठवायला त्यांनी कधी जागाच मागितली नाही. तेव्हा काही जपून ठेवायचं असेल तर त्यांना स्वतः येऊन अर्ज करावा लागेल."

"त्यांना इथवर येणं जमणार नाही."

"का? पाय दुखतात?"

"जागेवरून हलता येत नाही त्यांना."

"हो ना. कामाचा माणूस अडकूनच पडतो," सिस्टिमदादा म्हणाले.

ताराबाईला जागेची फिकीर नव्हती. तारा कोसळला की गाभ्याचे आकडे पडद्यावर येतील, ती समोर बसून उतरवून घेईल. सरांचा प्रोग्रॅम तिला तोंडपाठ होता. म्हणजे अगदी शेवटची एक ओळ सोडून. ती ओळ तिच्या नावावर काम चालायचं तेव्हा काहीच करत नसे, म्हणून इतक्या वर्षांत तिच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

*

सोमवार आला आणि गेला. तारा थांबला नाही. संचालकांनी टी-थ्रीसाठी प्रशस्तिपत्र छापायला सांगितलं. ते छापायचं काम टी-थ्रीकडेच आलं आणि त्याने ते वाकडं छापलं.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ताराबाई आपल्या खोलीत भिंतीला टेकून उभी असताना पडद्यावरचे आकडे एकदम धावायला लागले. गाभा सुटला होता. थर एकामागून एक आत झेपावत होते. ताराबाईने पेन हातात घेतलं. आता घट्टपणा वाढणार, आता गाभा ठरवणार...

पडदा रिकामा झाला. मधोमध एकच ओळ आली: "निकाल छापत आहे."

सरांच्या काळात पडदे नव्हते. निकाल कागदावरच यायचा. शेवटची ओळ तेवढंच सांगत होती: ज्याच्या नावावर काम, त्याच्या प्रिंटरवर छाप. ताराबाईच्या नावावर प्रिंटर नव्हता, त्यामुळे ती ओळ आजवर गप्प बसली होती. टी-थ्रीच्या नावावर मात्र टी-थ्री होता.

ती जिना कशी चढली ते तिला कळलं नाही. टी-थ्री ओकत होता. पानं भराभर बाहेर येऊन जमिनीवर पसरत होती. ताराबाई गुडघ्यांवर बसून गोळा करत, वाचत होती. आतला थर आत येतोय. अजून येतोय. वेग वाढतोय. पुढचं पान. वेग वाढायचा थांबला. पुढचं पान. वेग किंचित कमी झाला. म्हणजे उसळीची तयारी? की नुसता अडखळला? पुढचं पान...

टी-थ्रीने तीनदा पीक-पीक केलं. लाल दिवा लागला. कागद संपला.

आणि त्याच क्षणी संस्थेतल्या झाडून सगळ्यांच्या खिशात मोबाइल वाजले: "कागद संपला."

बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून जाळेकर हातात डबा घेऊन येत होता. "काय गं, काय झालं?"

"इथे उभा राहा!" ताराबाई ओरडली. "उरलेली पानं याच्या पोटात आहेत. मी कागद आणते. कुणाला जवळ येऊ देऊ नकोस. आणि तू स्वतः कशालाही हात लावू नकोस!"

"बरं. पण..."

पण ऐकायला ती नव्हती. भांडारावर कुलूप होतं. भांडारकाकू जेवत होत्या आणि जेवताना त्या किल्ली कमरेला लावून ठेवत.

"काकू, कागद! एक गठ्ठा! आत्ता!"

"तुम्ही तर सोडून गेलात ना?"

"नाही गेले!"

"मग खुर्ची घ्यायला का नाही आलात?"

"काकू, पाया पडते. तारा अर्ध्यात अडकलाय."

"कोण अडकलंय?" काकूंनी घास खाली ठेवला. लिफ्टमध्ये माणूस अडकलं की काय, असं त्यांना वाटलं. लिफ्ट उघडायची पहार भांडारात होती, म्हणून त्यांनी धावत जाऊन कुलूप काढलं. कागदाचा गठ्ठा ताराबाईने हिसकावून घेतला तेव्हा कुठे त्यांना कळलं की अडकलेलं कुणी माणूस नाही, आणि त्या मागून ओरडत राहिल्या: "सही! सही करून न्या!"

तिसऱ्या मजल्यावर जाळेकर प्रिंटरशेजारी उभा होता. अगदी सांगितल्या जागी. चेहरा प्रसन्न.

"झालं काम," तो म्हणाला. "लाल दिवा लागला होता, काही केल्या जाईना. म्हटलं, तू येईपर्यंत तेवढं तरी करून ठेवावं. बंद करून चालू केला."

  अतिशय हळू, एखाद्या झोपलेल्या बाळाला उचलावं तसं ताराबाईने गठ्ठ्यातून थोडे कागद उचलले आणि कप्प्यात ठेवले.

टी-थ्री कण्हला. एक पान बाहेर आलं. त्यावर लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्या होत्या, रंग अगदी सुरेख जमले होते, आणि खाली लिहिलं होतं: "प्रिंटर तयार आहे."

"बघ!" जाळेकर म्हणाला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. मग जमिनीवरची पानं पाहिली, शेवटचं पान उचललं आणि शेवटची ओळ वाचली. जाळ्यांचा माणूस असला तरी आकडे त्याला कळत होते. त्याचा रंग उतरला.

"हे... पुढचं कुठेच नाही?"

"नाही."

"संगणकात?"

"टी-थ्रींनी जागा मागितली नव्हती."

"म्हणजे उसळी होती का नव्हती ते..."

"तुला माहितेय," ताराबाई म्हणाली, "याला माहीत होतं. मिनिटभर. सगळ्या जगात फक्त याला." आणि तिने टी-थ्रीच्या अंगावर हात ठेवला. प्रिंटर अजून गरम होता.

*

"पडला का गं तारा?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"पडला आई."

"अगंबाई! मग तुझं म्हणणं खरं का लोकांचं?"

"ते तुमच्या मुलाला विचारा."

सासूबाईंनी सोन्याकडे पाहिलं. सोन्याने न सांगता स्वतःचं अंथरूण घातलं. नंतर तिचंही घातलं. आईचंही घालायला निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं राहू दे. तू हात लावलास की काहीतरी बंद होतं."

दुसऱ्या दिवशी जाळ्याचे नवे आकडे आले. घडलं ते भांडारकाकूंनी तासाभरात संस्थाभर केलं होतं. या वेळी मात्र कुणाला समोर यायचा धीर झाला नाही. चिडलेल्या बाईला मेलवर गाठलेलं बरं. "ऐकून वाईट वाटलं." "धीर धरा." "माझ्याही बाबतीत असंच झालं होतं, पण शाईचं." जाळेकरने रात्रभर न झोपता सकाळी तिला समोर बसवून एकेका मेलला दोन-दोन शब्दांचं उत्तर लिहायला लावलं होतं. कोपऱ्यातली माशी आता जाळ्यात मधोमध होती. ठिपका टी-थ्रीच्या खालोखाल मोठा.

"आता तुझ्याच नावावर वेळ आहे," जाळेकर हळूच म्हणाला. "जागाही आहे. मी स्वतः अर्ज दिलाय."

ताराबाईने सरांच्या प्रोग्रॅममधली शेवटची ओळ खोडली. खोडताना सरांची माफी मागितली, पण फार नाही. मग पहिल्या थरापासून तारा पुन्हा सुरू केला. आता पुन्हा ते आठवडे. तोवर हा ठिपका लहान होऊ द्यायचा नव्हता. रोज कुणीतरी विचारणार, "सावरलात ना?" आणि रोज तिने कळवायचं, की हो, सावरले. सावरले नसतानाही.

ती पहिली ओळ पाहत उभीच होती, कारण खुर्ची अजून आली नव्हती. तेवढ्यात मोबाइल वाजला. तिसऱ्या मजल्यावरून मेल होता.

"कागद संपला."

ताराबाईने दात आवळले. खोलीत कुणी नाही ना, ते पाहिलं. दाराकडे पाठ केली आणि लिहिलं:

"धन्यवाद. आपण बरे आहात ना?"